पणजोबा बॅरिस्टर होते म्हणे

माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मँचेस्टरला आले, तेव्हा मी देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की बाबा रे, यांना काहीतरी उद्योग मिळू दे. रिटायर्ड माणूस, त्यात पुण्याचा, त्यात अख्खा जन्म विमा कंपनीत काढलेला. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, त्यामुळे यांना आवरायला सोबत कोणी नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या बॉयलरची, कौन्सिलच्या कचराबिनांची आणि माझ्या मसाल्यांच्या डब्यांची इतकी कसून पाहणी केली, की मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या बाबांना कुठेतरी गुंतव, नाहीतर मी ऑफिसातच राहायला जाते." मी नागपूरची. माझं डोकं लवकर तापतं आणि तापलं की मला लपवता येत नाही.

देवाने ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.

झालं असं, की पुण्यात त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायला घेतला होता. कोण कुठे जन्मला, काय शिकला, कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, सगळं त्यात. संपादक होते सासऱ्यांचे चुलतभाऊ, म्हणजे त्यांच्या चुलत आजोबांचे नातू. जुन्या आवृत्तीत मामलेदार, प्रोफेसर, इंजिनियर अशी सगळी दिवाळी होती आणि मधेच सासऱ्यांच्या आजोबांच्या नावापुढे एक ओळ होती: 'विलायतेस गेले. कुटुंबाचा त्याग केला.' संपलं. तान्हं मूल आणि तरुण बायको मागे ठेवून हा माणूस गेला तो गेलाच.

आता ते तान्हं मूल म्हणजे सासऱ्यांचे वडील. ते जन्मभर सांगत राहिले, की माझे वडील बॅरिस्टर व्हायला गेले होते आणि तिथेच आजारपणात वारले. आणि जन्मभर भाऊबंद त्यांच्या पाठीमागे हसत राहिले. "समोरसुद्धा हसायचे," सासरे म्हणाले. "लग्नाच्या पंगतीत हसायचे. मी लहान होतो, पण मला कळायचं." चुलतभावांनी त्यांना निघताना सांगितलं होतं, "तू जातोच आहेस तिकडे, तर पुरावा आण. प्रेसला जायच्या आत आणलास तर ओळ बदलतो." ती एक ओळ बदलायला माझे सासरे इंग्लंडला आले होते. आमच्याकडे नातवंडं नव्हतीच, आणि आमचं तोंड बघायला ते आले असतील असं मला तरी वाटत नाही.

पुरावा शोधायचा कसा, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. तो रस्ता सापडला त्यांच्या गुळण्यांमुळे.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे अर्धं आमचं, अर्धं शेजारच्या बाईंचं आणि मधली भिंत दोघांची. भिंत कसली, पापडच तो. सासरे पहाटे उठायचे. हिवाळ्यातली मँचेस्टरची पहाट म्हणजे शुद्ध रात्र, पण त्यांचं घराणं मूळचं वाईचं आणि घड्याळही तिथल्या घाटावरचं. आधी खाकरणं, मग गुळण्या, मग टबमध्ये बादली ठेवून तांब्याने आंघोळ, आणि मग खड्या आवाजात स्तोत्रं. त्यांच्या घराण्यात म्हणे उजाडल्यावर अंथरुणात सापडलेला पुरुष पिढ्यानपिढ्या झालेला नाही. माझा नवरा हा पहिलाच.

एका रविवारी शेजारच्या बाई दारात उभ्या. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, पाठ ताठ, हातात स्कोन्सचा डबा. इंग्रज माणूस तक्रार करायला येताना खाऊ घेऊन येतो, हे मला तोवर समजलं होतं. "तुमच्याकडे कोणी फार आजारी आहे का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "रोज पहाटे कोणाला तरी खूप त्रास होतोय असं वाटतं. काही मदत हवी असली तर सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सासरे मागून आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, दॅट इज मी. आय ॲम इन एक्सलंट हेल्थ." मग डब्यात डोकावून मला मराठीत म्हणाले, "अगं, यात अंडं आहे का विचार."

तिथून त्या दोघांची जी गट्टी जमली! बाईंना वंशावळीचं वेड होतं. त्या काळात ते अख्ख्या इंग्लंडलाच लागलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीची पानं इंटरनेटवर आली होती आणि जो तो आपला खापरपणजा शोधत सुटला होता. बाईंचा एक पूर्वज मेंढ्या चोरायचा आणि एक पणजी खोटी नाणी पाडताना पकडली गेली होती. हे त्या अशा काही कौतुकाने सांगायच्या, की आपल्याकडे पोरगा बोर्डात आल्याचंही कोणी इतकं सांगत नाही. सासऱ्यांनी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं. बाई गेल्यावर म्हणाले, "बिचारी. एवढ्या मोठ्या घराण्यात एक ग्रॅज्युएट नाही."

मग रोज संध्याकाळी बॉक्सरूममधल्या कॉम्प्युटरसमोर बैठक बसायला लागली. माउस बाईंच्या हातात, माकडटोपी घातलेले सासरे त्यांच्या शेजारी, आणि चहा करायला मी. आपली आडनावं त्या काळच्या कारकुनांनी कशी लिहिली असतील याचा नेम नसल्यामुळे बाई नुसतं 'जन्म हिंदुस्थान' एवढं घालायच्या आणि मग एकेक घर उघडून बघायचं. निवड समिती म्हणजे सासरे.

"हा पबच्या माडीवर राहतो. आपला नव्हे."

"हा सर्कशीत. पुढे."

"विधवा मालकीण आणि तिच्या तीन उपवर मुली? अजिबात नव्हे!"

"घरमालक खाटीक? छे छे छे. चला पुढे."

"पण निदान पान तरी वाचू या," बाई म्हणाल्या.

"मॅडम," सासरे म्हणाले, "आमच्या घराण्यात चारशे वर्षांत कोणी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही." त्यावर माझ्या नवऱ्याला जोराचा ठसका लागला, कारण फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे त्याचे चिकन नगेट्स होते.

असं करत करत शेवटी लंडनमधला एक कायद्याचा विद्यार्थी त्यांनी पसंत केला. अगदी स्थळ पसंत करावं तसा. वस्ती चांगली, शिक्षण चांगलं, घरमालक पाद्री. वय जुळत नव्हतं, नाव जुळत नव्हतं, आणि जन्मगाव सुरत होतं. "लिहिणाऱ्याची चूक," सासरे म्हणाले.

"बाबा, तो पारशी आहे!" मी ओरडले. "नावावरून शेंबडं पोर सांगेल! उद्या त्याचे नातलग येतील तुमच्या कुलवृत्तांतात हिस्सा मागायला!"

ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बॅरिस्टर तर आहे ना." मला एकदम वाईट वाटलं. इतका शिस्तीचा माणूस, पावतीवर तारीख नसली तर दुकानात परत जाणारा, आणि आता दुसऱ्याचा आजोबा उचलायला निघाला होता.

त्या शुक्रवारी बाई बहिणीकडे गेल्या आणि जाताना आमच्या दारातून एक प्रिंटआउट आत सरकवून गेल्या. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुम्ही नाकारलेली घरं मी पुन्हा उघडली. मला खाटकांचं काही वावडं नाही. सोमवारी भेटू.'

आमच्या घरापासून ट्रेनने अर्ध्या तासावरचं एक गिरणीचं गाव. घरमालक खाटीक, त्याची बायको, त्यांची ढीगभर मुलं आणि सगळ्यात खाली एक बोर्डर, म्हणजे पैसे देऊन राहणारा. आडनाव सासऱ्यांचं, थोडं चेपलेलं, पण तेच. वय बरोबर. जन्मस्थळ वाई, मुंबई इलाखा. सासऱ्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली. "आजोबा," ते म्हणाले, जणू आजोबा समोर हॉलमध्येच उभे होते. आणि दुसऱ्या क्षणी, "खाटकाच्या घरी?"

पण खरी गंमत पुढच्या रकान्यात होती. धंदा: नॉकर-अप.

आम्हाला तिघांनाही हा शब्द माहीत नव्हता आणि बाई सोमवारपर्यंत नव्हत्या. तो वीकेंड मी विसरणार नाही. नवरा म्हणाला, बॉक्सिंग. लोकांना नॉकआउट करतात, तसलं काहीतरी. सासऱ्यांना ते पटेना. वाईहून कोणी बुक्के मारायला एवढ्या लांब येईल का! मी डिक्शनरी उघडली, पण तिथे 'नॉक अप' म्हणजे बाईला गरोदर करणं असं निघालं, ते काही सासऱ्यांसमोर वाचण्यासारखं नव्हतं. फोन करून ऑफिसातल्या एकाला विचारलं, तर तो इतका हसला की मी फोनच ठेवला.

रविवारी दुपारी सासरे हर्षाने ओरडले. "कोर्ट! अगं, न्यायाधीश हातोडा आपटतात ना, ऑर्डर ऑर्डर करत? ते आपटायला माणूस असेल. न्यायाधीश स्वतः कशाला आपटतील?" आणि लगेच वही काढून मसुदा सुरू: 'मँचेस्टर परिसरात न्यायालयीन सेवेत होते.' हातोडा सिनेमातला असतो, इथले जज हातोडा वापरत नाहीत, हे मला माहीत होतं. मी जीभ चावून गप्प बसले. मला गप्प बसायला जमतं हे नवऱ्याला त्या दिवशी कळलं.

सोमवारी बाई आल्या. त्यांना तो शब्द माहीत होता, त्यांच्या आजीच्या गल्लीतही असा एक माणूस होता म्हणे. पण तोंडी सांगतील तर त्या हेडमिस्ट्रेस कसल्या? त्या सरळ आमच्या बागेत गेल्या, कपड्यांची दोरी वर धरायची उंच काठी उपसली, वर आमच्या बेडरूमच्या खिडकीवर तिचं टोक नेलं आणि टक टक टक सुरू केलं. आत रात्रपाळीचं काम करून नवरा झोपला होता. थोड्या वेळाने खिडकी उघडली आणि बनियनवरचा नवरा अर्धा बाहेर आला. "काय झालं? कोण पडलं?"

"बघा!" बाई आनंदाने म्हणाल्या. "हाच तो धंदा!"

गिरण्या भल्या पहाटे सुरू व्हायच्या, कामगारांकडे गजराची घड्याळं नसायची आणि उशीर झाला की दरवाजा बंद. म्हणून गल्लीगल्लीत एक माणूस ठेवलेला असायचा. तो अंधारात काठी घेऊन हिंडायचा, माड्यांच्या खिडक्या वाजवायचा आणि आतला उठून तोंड दाखवेपर्यंत हलायचा नाही.

"म्हणजे पणजोबा गजर होते?" वरून नवरा म्हणाला आणि खो खो हसत सुटला. मलाही हसू आवरेना. खाटकाच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात गुळण्या ऐकून म्हटलं असेल, मेल्या, उठतोसच तर निदान काठी घेऊन जा. पिढ्यानपिढ्यांचा ब्राह्ममुहूर्त असा कामी आला!

सासरे हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि आत गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. "भूक नाही," एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरात आवाज नाही. खाकरणं नाही, बादली नाही, स्तोत्र नाही. मी त्या शांततेत उशिराच जागी झाले आणि घाबरून त्यांच्या खोलीत डोकावले. ते अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडले होते, उघड्या डोळ्यांनी. बाहेर चांगलं उजाडलं होतं.

थोड्या वेळात बेल वाजली. बाई ड्रेसिंग गाउनवरच. "आज काही आवाज नाही. बरं आहे ना सगळं? माझं पोहण्याचं सेशन बुडालं. मी हल्ली त्यांच्या आवाजावरच उठते."

मी त्यांना आत घेतलं. सासरेही आले, दाढी वाढलेली, आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. मी बाईंना सरळ सांगून टाकलं, की यांना बॅरिस्टर हवा होता. बाईंना काही केल्या त्यात वाईट काय ते समजेना. "अहो, अख्खी गल्ली त्याच्यावर विसंबून होती. एक दिवस तो झोपून राहिला असता तर सगळ्यांचा रोज बुडाला असता. असं काम कोणालाही देत नाहीत." मग कप ठेवून म्हणाल्या, "मला सारखं वाटतंय ते त्यांच्या बायकोबद्दल. तिचं काय झालं?"

"कुठली बायको?" सासरे म्हणाले.

"इथे एम लिहिलंय की. मॅरीड." बाईंनी प्रिंटआउटवर बोट ठेवलं. चार दिवस आम्ही त्या धंद्याच्या रकान्यात इतके अडकलो होतो, की शेजारचा रकाना कोणी वाचलाच नव्हता. "माहिती घरमालकाने दिली असणार. पण तुमच्या आजोबांनी सांगितल्याशिवाय त्याला कसं कळेल? हजारो मैलांवरची गोष्ट. सडा आहे म्हणाले असते तर कोण बघायला येणार होतं?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. ते एक अक्षर त्यांनी वाकून पुन्हा वाचलं.

"आजी कुंकू लावायची," ते म्हणाले. इंग्रजीत सुरुवात केली होती, पण मग मराठीतच बोलत राहिले, आणि बाई न कळताही ऐकत राहिल्या. "बारा वर्षं झाली तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या, आता पुसा. ती म्हणायची, टाकलं असं त्यांनी मला सांगितलेलं नाही. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावायचं नाही. विधवा म्हणून नाही आणि सवाष्ण म्हणूनही नाही. शेवटी शेवटी तिला नीट दिसायचं नाही, तरी ती चाचपून लावायची. वाकडं लागायचं. आम्ही पोरं हसायचो."

मी सिंकपाशी गेले आणि उगीच नळ सोडला. रडू आलं मला, सरळ सांगते. बाईंना मी नंतर इंग्रजीत सगळं सांगितलं, तर त्या हेडमिस्ट्रेसबाईंनी माझा किचन रोल निम्मा संपवला.

त्या दुपारी सासरे पोटभर जेवले. जेवता जेवता म्हणाले, "खाटकाच्या घरी राहून काय खाल्लं असेल रे?"

"बटाटे," नवरा म्हणाला. "इथे बटाटे भरपूर मिळतात."

"असेल. आणि तुमच्या फ्रीजरमध्ये त्या मटारामागे काय आहे ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मीही खाटकाच्याच घरी राहतोय." नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी तर सरळ पळाले.

मग त्यांनी पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. चुलतभाऊ प्रूफं घेऊनच बसले होते. "काय रे, सापडला का बॅरिस्टर?" आवाजात ते जुनं हसू होतंच.

"नाही. बॅरिस्टर नव्हते. बाबांना चुकीचं माहीत होतं." सासऱ्यांचा आवाज अगदी सरळ होता. "लिहून घे. मँचेस्टरनजीक वास्तव्य. गिरणी कामगारांना पहाटे उठवण्याचं काम करीत. विवाहित."

"काय काम करीत?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. मग चुलतभाऊ म्हणाले, "अरे, हे कसं छापायचं? वरच्या ओळीत मामलेदार आहेत. आणि विवाहित काय? विवाहित तर सगळेच असतात. माझ्याकडे जागा नाही."

"मग उठवण्याचं काप."

"बरं."

"मँचेस्टर काप. पाहिजे तर आजोबांना सबंध काप. फक्त तो 'त्याग केला' काढ. आणि आजीच्या नावाआधी गं. भा. छापलं होतं मागच्या वेळी, ते खोड. तिथे सौ. लिही."

"अरे, पण ते पुढे कधीतरी वारले असतीलच की. ती त्यांच्यानंतरही जगली असेल."

"तसं तिला कोणी कळवलं नव्हतं," सासरे म्हणाले.

मी आणि नवरा फोनपाशी सरकलो. चुलतभावांनीही लहानपणी त्या आजीला बघितलं होतं. कागद उलटल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण काढल्याचा.

"सौ.," ते म्हणाले. "लिहिलं."